खाटेपासून संडासापर्यंत

सन २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा राज्याचं ग्रामविकास खातं तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांकडे होतं. त्यांचा जिल्हा सांगली, शेजारचा सातारा. दोन्हीकडच्या अनेक गावांनी ते अभियान मनावर घेतलं. पुढे निर्मल ग्राम आलं, २०१४ पासून स्वच्छ भारत आलं, आणि घरामागे, परड्यात, गोठ्याच्या कडेला संडास उभे राहिले. धडधाकट माणसाचा प्रश्न बराचसा सुटला. आजारी माणसाचा प्रश्न मात्र इथूनच सुरू होतो. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेल्या आजोबांना परड्यातल्या त्या संडासापर्यंत न्यायचं कुणी? खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला उकिडवं बसता येत नाही, तिनं काय करायचं? पोटावर स्टोमाची, म्हणजे शस्त्रक्रियेनं पोटावर काढलेल्या मळाच्या वाटेची, पिशवी घेऊन मिरजेहून माणला परतलेल्या बाईनं ती कुठं रिकामी करायची, आणि गावात पाणी टँकरचं असेल तर कशानं धुवायची? खाट आणि संडास यांच्यातलं पंधरा-वीस पावलांचं हे अंतर कुठल्याही सरकारी योजनेत मोजलेलं नाही. ते परिचर्येचं काम आहे, आणि हे पुस्तक त्या कामाबद्दल आहे.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात हा विषय पहिल्या वर्षीच येतो. बेडपॅन देणं, एनिमा देणं, इनटेक-आउटपुटचा तक्ता भरणं एवढं शिकून मुली वॉर्डात येतात, आणि तिथं काही महिन्यांतच त्यांना कळतं की हे काम मावशींचं समजलं जातं. सिस्टरनं फक्त विचारायचं, ‘मोशन झाली का?’, आणि उत्तर कागदावर लिहायचं. मला ही वाटणी कधीच पटली नाही. वॉर्डातलं सर्वांत बारीक निरीक्षण याच कामात लागतं. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळपट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा मळ म्हणजे वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्तस्राव होत असण्याची शक्यता, आणि तेव्हा डॉक्टरांना रात्री दोन वाजता उठवावं लागतं. काविळीच्या रुग्णाला मातकट पांढरा मळ झाला तर पित्ताची वाट अडल्याची शंका घ्यावी लागते. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब दिसले तर पटकीचा विचार करून लगेच सलाईनची तयारी करायची असते. हे सगळं भांड्यात दिसतं, आणि ते भांडं न बघताच ओतलं गेलं की गेलं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे खोटे जुलाब. आठवडाभर खाटेवर पडून असलेली म्हातारी माणसं दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं पातळ करतात, कपडे खराब होतात, घरचे म्हणतात जुलाब लागलेत, आणि कुणीतरी जुलाब थांबवायची गोळी देतं. खरं तर गुदाशयात मळाचा दगडासारखा गोळा अडकून बसलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपत असतो. थांबवायची गोळी दिली की गोळा आणखी घट्ट होतो. शेवटची नीट, बांधीव मोशन कधी झाली होती, एवढं जरी कुणी विचारलं असतं, पोटाला हात लावून पाहिलं असतं, हातमोजा घालून बोटानं तपासलं असतं, तरी उलगडा झाला असता. अशा म्हातारीला मग नुसती भूक लागत नाही असं नाही. तिची लघवी अडते, ती भ्रमिष्टासारखी बोलू लागते, आणि घरच्यांना वाटतं वय झालं.

या भागाला या विषयाचा इतिहासही आहे. डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन इस्पितळ मिरजेत १८९४ मध्ये उभं राहिलं आणि पुढच्या काळात मिरज हे नाव दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात शस्त्रक्रियेशी जोडलं गेलं. अथणी, चिकोडीपासून विजापूरपर्यंतचे रुग्ण तिथं येत राहिले, आजही येतात. म्हणून मिरजेच्या सिस्टरला ‘मोशन झाली का?’ हे कन्नडमध्येही विचारता यावं लागतं. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचं कृष्णा, पाचगणीचं रेडक्रॉसचं बेल-एअर ही नावं इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत. बेल-एअरची सुरुवात १९१२ मध्ये क्षयाच्या रुग्णांसाठी झाली. पुढे एचआयव्हीच्या रुग्णांची शुश्रूषाही तिथं झाली. त्या आजारात महिनोन्‌महिने चालणारे जुलाब औषधाइतकेच स्वच्छ चादर, कातडीची निगा आणि न विटाळणारा हात यांच्या आधारावर सोसले जातात.

परिचर्येच्या विचारात या विषयाकडे बघायच्या निरनिराळ्या तऱ्हा झाल्या. पहिली स्वच्छतेची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये झाकणाशिवायचं भांडं रुग्णाच्या खोलीत असूच नये, असं बजावलं होतं. जंतूंचं शास्त्र अजून पुरतं मान्य झालेलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. भांडं झाकावं, लगेच न्यावं, खोलीत वारा खेळता ठेवावा, हे तेव्हापासून परिचर्येचं मूळ ठरलं.

दुसरी तऱ्हा ‘साफ’ करण्याची, आणि तिचं आपल्याकडे अजून राज्य आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात असा समज पसरला होता की आतड्यात साठलेला मळ रक्तात विष सोडतो. लंडनचे नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठासाठी मोठं आतडंच कापून काढायला सुरुवात केली होती. तो सिद्धान्त टिकला नाही, पण सवय टिकली. बाळंतपणाच्या आधी प्रत्येक बाईला साबणाच्या पाण्याचा एनिमा देण्याची रीत कित्येक दशकं चालली; तिचा फायदा होत नाही असं अभ्यासांतून दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनंही ती सरसकट करू नये असं सांगितलं. आपल्या घरांतही मुलांना सुट्टीत एरंडेल पाजायची पद्धत होतीच. पोट दुखतंय म्हणून एरंडेल देण्यानं मात्र खरंच जीव जाऊ शकतो. अपेंडिक्स सुजलेलं असेल किंवा आतडं अडलेलं असेल, तर रेचक हे घातक औषध आहे. हे वाक्य या पुस्तकात अनेकदा आलंय आणि ते तसंच येऊ द्यावं, असं मीच लेखिकांना सुचवलं.

तिसरी तऱ्हा आपल्या मातीतली, आणि तिच्यातलं एक तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय शरीराचे वेग अडवू नयेत याबद्दल आहे. मळाचा वेग अडवल्यानं काय काय होतं ते तिथं सांगितलंय. आजचं शरीरशास्त्रही तेच म्हणतं: मळ गुदाशयात आला की कळ येते, ती पुन्हा पुन्हा दाबली की कळच येईनाशी होते, मळातलं पाणी शोषलं जात राहतं आणि तो सुकत जातो. आता कोण वेग अडवतं ते बघा. शाळेच्या संडासाला कडी नाही म्हणून घरी येईपर्यंत थांबणारी मुलगी. कराड-वाळव्याच्या कारखान्यांकडे मराठवाड्यातून आलेली, फडाच्या कडेला कोपीत राहणारी ऊसतोडणीची बाई, जिला अंधार पडायची वाट बघावी लागते. दिवसभर उभी असलेली दुकानातली मुलगी. आषाढवारीत नीरा ओलांडून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरडला मुक्काम करते. त्या वाटेवर फिरते संडास आल्यापासून बायकांच्या चालण्यात जो मोकळेपणा आला, तो आरोग्याचाच भाग आहे. बायकांमधल्या बद्धकोष्ठाचं कारण आहारात शोधण्याआधी कडीकुलपात, उजेडात आणि पाण्यात शोधायला हवं.

चौथी तऱ्हा गरजांची. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी १९६६ मध्ये परिचर्येचे चौदा घटक मांडले; श्वास आणि खाणंपिणं यांच्यानंतर लगेच तिसरा क्रमांक मलमूत्राच्या विसर्जनाचा. १९८० मध्ये ब्रिटनमधल्या रोपर, लोगन आणि टिअर्नी यांनी जगण्याच्या बारा क्रियांत त्याला जागा दिली. या सगळ्यांत आपल्याला सर्वांत उपयोगी पडतात त्या डोरोथिया ओरेम. त्यांचा १९७१ चा विचार थोडक्यात असा, की माणूस स्वतःची जी काळजी स्वतः घेऊ शकतो ती त्याच्याकडून काढून घेऊ नये. जिथं कमी पडतो तेवढंच परिचारिकेनं भरावं, आणि बाकीचं शिकवावं. आपल्याकडे इस्पितळात चार दिवस आणि घरी चार महिने अशी विभागणी असते. तेव्हा शिकवणं हेच मुख्य काम होऊन बसतं.

शिकवण्याची ताकद किती असते, याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळ शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी तयार करून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजायला शिकवलं. पटकीनं मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टर किंवा नर्स नव्हे, तिथं आया आणि भाऊ पाणी पाजत होते. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेच्या महापुरात सांगलीची माणसं शाळांतल्या छावण्यांत राहिली, तेव्हा आशाताईंच्या पिशवीतली ओआरएसची पुडी त्याच परंपरेतली. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लहान मुलाला सोबत चौदा दिवस झिंक. मिठाचा चमचा शीग लावून भरला तर तेच पाणी अपाय करतं, म्हणून इथं माप करून दाखवावं लागतं, नुसतं सांगून भागत नाही.

पाचवी तऱ्हा मोजमापाची. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या लुईस आणि हीटन यांनी मळाच्या आकाराचे सात प्रकार चित्रांसह प्रसिद्ध केले. पहिल्या प्रकाराला आपल्याकडची कुठलीही बाई ‘लेंड्या होतायत’ म्हणते, तिसरा-चौथा नीट, सातवा नुसतं पाणी. चित्रावर बोट ठेवायला लाज कमी वाटते, आणि ‘जरा पातळ’, ‘थोडं घट्ट’ या बोलण्यातला गोंधळ मिटतो. बद्धकोष्ठ म्हणजे रोज न होणं, हा समजही मोजमापानं दूर केला. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, खडा होत असेल, कुंथावं लागत असेल, साफ झाल्यासारखं वाटत नसेल, तर तो त्रास. दिवसाआड मऊ आणि सहज होणाऱ्याला काहीही झालेलं नसतं, तरी तो दहा वर्षं चूर्ण घेत असतो.

मग पुनर्वसनाचं क्षेत्र. स्टोमाच्या परिचर्येची सुरुवात अमेरिकेत क्लीव्हलँडला झाली, डॉ. रूपर्ट टर्नबुल आणि त्यांच्या रुग्ण नॉर्मा गिल यांच्यापासून. म्हणजे या विद्येची पहिली शिक्षिका स्वतः पिशवी वापरणारी बाई होती, आणि मला त्यात फार अर्थ दिसतो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठीची शिस्त दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी घडवली. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगेसारखी गावं ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखली जातात. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रासारख्या ठिकाणी कंबरेखालची संवेदना गेलेले जवान हे वेळापत्रक पाळतात: नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, ठरलेल्या वेळी, हातमोजा आणि जेली लावून बोटानं हळुवार उत्तेजन. ट्रॅक्टरच्या अपघातात सापडून किंवा नारळाच्या झाडावरून पडून आडवं राहावं लागलेल्या तरुणालाही हेच शिकवावं लागतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर मळ साठल्यानं रक्तदाब एकाएकी भयंकर चढू शकतो, हे घरच्यांना माहीत असायलाच हवं.

आता हे पुस्तक आत्ताच का? पाटण, जावळी, खटावची तरुण माणसं मुंबई-पुण्यात आहेत आणि गावात म्हातारी माणसं राहिली आहेत. मधुमेह वाढलाय, अर्धांगवायू वाढलाय. कर्करोगाच्या दुखण्यावर मॉर्फिन मिळू लागलंय ही चांगली गोष्ट. पण मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून रेचक सुरू केलं नाही तर पोट गच्च होतं, आणि रुग्ण दुखणं परवडलं म्हणून गोळीच सोडतो. त्याला इसबगोल देऊन उपयोग नाही; मॉर्फिननं मंदावलेल्या आतड्यात फायबरचा नुसता साठा होतो. आणि संडासातून रक्त गेलं की ती मूळव्याधच, असं धरून चालणारी माणसं भिंतीवरच्या जाहिराती बघून कुणाकडून तरी ‘बिनऑपरेशन’ इलाज करून घेतात. पन्नाशीपुढच्या माणसाला नव्यानं रक्त जाऊ लागलं, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, तर आधी गुदाशयाचा कर्करोग नाही ना, हे बघितलं पाहिजे. मिरजेच्या सिद्धिविनायक कर्करोग रुग्णालयासारखं ठिकाण इतकं जवळ असताना माणसं वर्षभर उशिरा का पोचावीत, ही माझी कळकळ आहे.

आणि हे सगळं करतं कोण? बहुतेक घरांत सून. सासऱ्यांचं डायपर बदलणं तिला जड जातं, त्यांनाही जातं. ते खाणं कमी करतात, पाणी कमी पितात, म्हणजे जास्त वेळा लागणार नाही. बद्धकोष्ठाचं हे कारण कुठल्याच इंग्रजी पाठ्यपुस्तकात मला सापडलं नाही. मुलाला शिकवा, नातवाला शिकवा, असं या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. डिस्चार्जच्या दिवशी घरातला पुरुष बिल भरायला खाली जातो आणि सिस्टर सगळं सुनेला सांगते, तिथंच चूक होते. त्याला वर बोलवावं.

शिकवणं कसं असावं याचा एक नमुना इथं देते, कारण पुस्तकाचा स्वभाव त्यातून कळेल. माणच्या एखाद्या आजींना ‘रोज तीन लिटर पाणी प्या’ असं सांगून काही होत नाही. उन्हाळ्यात त्या घरात टँकरचं पाणी मोजून वापरलं जातं. तेव्हा विचारायचं: आजी, सकाळी उठल्यावर काय घेता? चहा. त्याच्याआधी तांब्याभर कोमट पाणी घ्याल का? ताक दुपारी होतं का? भाकरी ज्वारीची ना, मग ती सोडू नका. मेथी, शेपू, मटकीची उसळ आठवड्यात किती वेळा होते? तासगावचे बेदाणे घरात असतील तर मूठभर रात्री भिजवून सकाळी खा. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतडं आपसूक हलतं, त्या वेळी संडासात जाऊन बसा, लागो न लागो, दहा मिनिटं. मोबाइल नको, घाई नको. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टर सांगतील तेच. आणि इसबगोल कधीही कोरडं किंवा घोटभर पाण्यात घेऊ नका, पेलाभर पाणी नसेल तर त्याचाच गोळा होतो. मग शेवटी: आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. आजींना ते सांगता आलं नाही, तर आपलं सांगणं चुकलं असं समजून पुन्हा सांगायचं.

बेडपॅनचंही तसंच. पडदा आधी, भांडं नंतर. भांडं थंड असेल तर कोमट पाण्यानं धुऊन पुसून घ्यायचं. रुग्णाला गुडघे वर घेता येत असतील तर त्यांनाच कंबर उचलू द्यायची, नाहीतर कुशीवर वळवून भांडं लावून परत पाठीवर आणायचं. ओढून सारलं की माकडहाडावरची कातडी सोलते आणि तिथं जखम होते. मग खाटेचं डोकं उंच करायचं, कारण पाठीवर सपाट झोपून कुणालाच होत नाही. बेल हाताशी ठेवून बाहेर थांबायचं. नंतर पुढून मागे स्वच्छ करायचं, कोरडं करायचं, रुग्णाच्या हातांवर पाणी घालायचं. भांड्यात बघायचं, लिहायचं. हृदयविकाराच्या रुग्णाला कुंथू नका म्हणून आवर्जून सांगायचं. यात कुठलंही यंत्र नाही, पण वेळ लागतो, आणि साठ खाटांना दोन सिस्टर असतील तर हा वेळ येणार कुठून, हा प्रश्न पुस्तकानं टाळलेला नाही याचं मला समाधान आहे.

सातारा-सांगलीच्या वॉर्डांत आणि घरांत काम करणाऱ्या परिचारिकांनी हे लिहिलंय, आणि त्यामुळे भाषा वॉर्डातली आहे. ‘परसाकडे’, ‘खडा’, ‘कळ’, ‘लेंड्या’, ‘वारा सरला का’ हे शब्द तसेच ठेवलेत. एएनएम, जीएनएमच्या विद्यार्थिनींना परीक्षेसाठी याचा उपयोग होईल, पण लिहिताना समोर ठेवली होती ती घरी सांभाळ करणारी माणसं आणि गावातल्या आशाताई. औषधांची नावं कमीत कमी आहेत. मात्रा डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच, हे जागोजागी सांगितलंय. फॉस्फेटचा एनिमा मूत्रपिंड अधू असलेल्याला धोक्याचा ठरतो, अशा सूचना वेगळ्या चौकटीत आहेत, त्या वगळून पुढे जाऊ नये. जन्मतः आतड्याचा दोष असलेली बाळं या पुस्तकात नाहीत, त्यांच्यासाठी स्वतंत्र पुस्तक लागेल आणि ते बालशल्यक्रियेच्या वॉर्डातल्या सिस्टरांनीच लिहावं. शेवटची सात चित्रं फाडून काढता येतील अशी जोडली आहेत. ती संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावीत, डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे बसल्यावर दिसतील. बाहेरच्या भिंतीवर लावली तर कुणी बघत नाही.